करी रोडच्या चौघी देश बघतात

प्रवासातले फोटो मोबाईलमध्ये साठत जातात, आणि मोबाईल हँग व्हायला लागला की माझा भाचा ते एका बोटाने पुसून टाकतो. किश्श्यांचं तसं होत नाही. कुणाकडे तरी हळदीकुंकवाला जमलो, चहा आला, कुणी सहज म्हणालं, "अगं, ती केरळची बोट आठवते का," की एकामागून एक निघत राहतात. चहा गार होतो, पण थांबायचं कुणाला सुचत नाही.

आम्ही चौघी करी रोडच्या. एकाच चाळीतल्या, एकाच मजल्यावरच्या. चाळ पाडली, तिथे टॉवर आला. जागा मिळाल्या, चांगल्या मिळाल्या, पण चौघींना चार वेगवेगळ्या मजल्यांवर. पूर्वी घरात नुसतं खोकलं तरी शेजारीण विचारायची, काढा करून देऊ का. आता लिफ्टमध्ये भेटलो तर भेटलो. तेव्हा रत्नावहिनी म्हणाली, घरात भेटणं होत नाही ना, मग बाहेर भेटू. वर्षातून एकदा चौघी कुठेतरी लांब जाऊ.

रत्नावहिनीचं लालबागला पोळीभाजी केंद्र आहे. आमच्यात सगळ्यांत मोठी शालनमावशी. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. तिसऱ्या कुमुदताई, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या, बोलणं एकदम पुस्तकातल्यासारखं शुद्ध. आणि चौथी मी, वंदना. दादरला इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे, लग्न केलं नाही. त्यामुळे सगळं बुकिंग माझ्या गळ्यात.

*

पहिली ट्रिप केरळची. अलेप्पीला हाऊसबोट घेतली. दोन्ही बाजूंना माड, मध्ये हिरवं संथ पाणी, भातखाचरं, फणस. कुमुदताई तर पाण्यावरून नजर काढत नव्हत्या. शालनमावशी मात्र खुर्चीत आखडून बसलेली. शेवटी मला म्हणाली, "गो वंदू, ह्यां बघूक येवढ्या लांब कित्याक हाडलंस? ह्यां सगळा आमच्याकडे आसा."

आम्ही हसलो. तिचं काही चुकत नव्हतं.

दुपारी जेवणासाठी बोट एका घराजवळ लावली. घरापासून पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या उतरत होत्या आणि तिथे एक बाई भांडी घासत होती. आमची जेवणं होईपर्यंत मावशी खाली उतरून तिच्याशेजारी जाऊन बसलीसुद्धा, पाय पाण्यात सोडून. ती बाई मल्याळममध्ये बोलत होती, ही मालवणीत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. बाईने आतून फणसाचे गरे आणून दिले.

बोटवाला निघायची घाई करायला लागला, म्हणून मी बोलवायला गेले. म्हटलं, मावशी, चल आता. हे सगळं तुमच्याकडे आहे म्हणालीस ना?

"आसा तर," ती म्हणाली. पाय तसेच पाण्यात हलवत होती. "पण थंयच्या पायरेर माका आता कोण बसाक देवचो नाय. हंय कोण इचारता?"

नवरा गेल्यावर दिरांनी गावच्या घराला कुलूप लावलं होतं, हे आम्हाला चाळीत असल्यापासून माहीत होतं. तिच्या तोंडून मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी परत वर गेले आणि बोटवाल्याला सांगितलं की आम्हाला अजून थोडा वेळ लागेल.

*

हंपीला जायचं ते कुमुदताईंसाठी. आयुष्यभर विजयनगर शिकवलं, पण पाहिलं कधीच नव्हतं. आमच्या पुस्तकात ते दीड पानात संपायचं, असं त्या स्वतःच सांगायच्या.

तिथे एका देवळासमोर जुना बाजार आहे. लांबच लांब रस्ता, आणि दोन्ही बाजूंना दगडी खांबांचे गाळे. आता त्यांत कुणी नाही. ऊन मी म्हणत होतं. गाईड भराभर पुढे चाललेला. मावशीचे गुडघे बोलायला लागले तशी ती सावली बघून एका गाळ्यात टेकली. शेजारच्या गाळ्यात रत्नावहिनी बसली. मधे खांब असल्यामुळे दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं.

थोड्या वेळाने वहिनीने तिथूनच हाक मारली, "मावशी, डाळ शिजली काय?"

पलीकडून मावशी म्हणाली, कुकर अजून व्हायचाय.

चाळीत भिंतीपलीकडून त्या रोज अशाच बोलायच्या. मग काय, सुरूच झालं. कोपऱ्यातला गाळा पेडणेकरांचा, कारण त्यांची खोली कोपऱ्यात होती. त्याच्या बाजूला शिवणकाम करणारी सुमनताई. मधे जिना. जिन्याच्या अलीकडे आमची खोली, तिथे मी जाऊन बसले. आम्ही तिघी मोठमोठ्याने नावं घेत होतो आणि परदेशी टुरिस्ट आमच्याकडे बघत जात होते. कुमुदताई रस्त्यातच उभ्या होत्या. त्यांना असला पोरकटपणा आवडत नाही, म्हणून आम्ही त्यांना काही म्हटलं नाही. पण त्यांनी बोटाने गाळे मोजले, शेवटून दुसऱ्यात गेल्या, पदर सारखा केला आणि दाराशी उभं राहावं तशा उभ्या राहिल्या.

तेवढ्यात गाईड परत आला. इथे बघण्यासारखं काही नाही, नुसती दुकानं होती, बघायचा तो दगडी रथ पुढे आहे, असं तो हिंदीत समजावायला लागला.

कुमुदताई त्याला म्हणाल्या, "आप आगे जाइए. हम लोग घर पे हैं."

*

मुन्नारचा किस्सा छोटा आहे. केरळच्याच ट्रिपमधला, पण मला तो वेगळा सांगायला आवडतो.

चहाच्या मळ्यांच्या वर एक व्ह्यू पॉइंट आहे. तिथे आमच्याच हॉटेलात उतरलेलं एक नवं जोडपं होतं, नाशिककडचं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. नवरा मुलगा चांगला होता, तिची काळजी घेणारा, पण सकाळपासून तिचे फोटो काढत होता. इकडे बघ, तिकडे बघ, केस मोकळे सोड, ओढणी हवेत धर, आता चालत ये, आता परत चालत ये. ती बिचारी हसून हसून दमली होती.

आम्ही जीपमध्ये बसून भडंग खात होतो. ती मुलगी आमच्याजवळ आली आणि विचारलं, मावशी, मी पाच मिनिटं तुमच्या गाडीत बसू का. वहिनीने लगेच सरकून जागा दिली. बरं नाही का, उलटी होतेय का, पाणी देऊ का, असं आम्ही सगळं विचारलं. ती नको नको म्हणत राहिली.

मग खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "मला जरा डोंगर बघायचाय."

आम्ही भडंगाची पुडीसुद्धा वाजू दिली नाही.

*

तंजावरला मोठ्या देवळाच्या भिंतीवर एक लांबलचक मराठी शिलालेख आहे. भोसले घराण्याचा सगळा इतिहास दगडात कोरलेला. कुमुदताई चष्मा पुसून मोठ्याने वाचायला लागल्या. अक्षर जुनं, त्यामुळे अडखळत होत्या. एके ठिकाणी त्या अडल्या आणि मागून कुणीतरी पुढचा शब्द वाचला.

वळून बघितलं तर एक म्हातारे गृहस्थ. नेसायला पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, हातात छत्री. त्यांचे पूर्वज राजांबरोबर तिकडे गेले ते तिकडचेच झाले, पण घरात अजून मराठी बोलतात. ती मराठी मला जशीच्या तशी बोलून दाखवता येणार नाही. शब्द आपल्या पणजीच्या काळातले आणि हेल तमिळ. त्यांनी आम्हाला घरी नेलं. त्यांच्या पत्नीने पितळेच्या पेल्यांतून कॉफी दिली. दोघंही कधी महाराष्ट्रात आलेली नव्हती. जायचं जायचं म्हणता राहून गेलं, असं म्हणाले.

त्यांनी आम्हाला सांगितलं, तुम्ही नुसत्या आपापसात बोला, आम्ही ऐकतो. आता असं सांगितल्यावर कुणाला काय सुचणार? तरी वहिनीने दुसऱ्या दिवशीच्या ट्रेनच्या टायमिंगचा विषय काढला. मी म्हटलं, बुकिंग कन्फर्म आहे, पण लोअर बर्थ एकच मिळालाय, टीसीला रिक्वेस्ट करू. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांच्या भुवया वर गेल्या.

निघताना त्यांनी कुमुदताईंना एक विचारलं. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा, की मुंबईत तर सगळे मराठीच बोलत असतील ना? रस्त्यात, बाजारात, सगळीकडे?

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. आमच्या टॉवरची लिफ्ट डोळ्यांसमोर आली. खालचं मेडिकल आलं, भाजीवाला आला, वॉचमन आला. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करणारी मी स्वतः आले. कुमुदताई कधी खोटं बोलत नाहीत. शाळेत पोरं त्यांना त्यासाठीच टरकून असायची.

त्या म्हणाल्या, "हो तर. अगदी दुकानातसुद्धा."

*

जोगचा धबधबा बघायला आम्ही कर्नाटकातल्या सागर गावाहून टॅक्सी केली. पोचलो तर समोर पांढरं धुकं. कठड्यापलीकडे काहीच नाही, चुना फासल्यासारखी भिंत. नुसता आवाज येत होता. लोक धुक्यात उभे राहून सेल्फी काढत होते आणि धबधबा बघितल्यासारखे परत जात होते. ड्रायव्हर म्हणाला, थांबलात तर उघडेल, नाहीतर नाही.

मावशीला उभं राहवत नव्हतं, म्हणून वहिनीने चहावाल्याकडून एक प्लास्टिकची खुर्ची मागून आणली. मावशी कठड्याजवळ बसली. बसल्यावर तिने मान जरा वाकडी केली, आणि मग डोळेच मिटून घेतले. आम्हाला वाटलं, डुलकी लागली.

वहिनीने तिच्या अंगावर शाल टाकली तशी ती म्हणाली, निजलंय नाय. तिच्या नवऱ्याच्या गिरणीत साचेखातं होतं, म्हणजे कापड विणायचे माग एकत्र चालायचे तो भाग. लग्न होऊन नवीन मुंबईत आली तेव्हा ती त्याचा डबा गेटवर न्यायची, तेव्हा आतून असाच आवाज यायचा. तिला पहिल्यांदा त्याची भीती वाटायची. मग सवय झाली. मग गिरणी बंद झाली, आणि त्या शांततेतच तिला कितीतरी दिवस झोप लागेना. एवढं सगळं तिने डोळे न उघडता सांगितलं.

आम्ही तिच्याभोवती उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने वारं सुटलं आणि बघता बघता धुकं बाजूला झालं. समोर कड्यावरून चार धारा कोसळत होत्या. लोक ओरडायला लागले. मी मावशीचा खांदा हलवला, म्हटलं, मावशी, बघ, उघडलं, लवकर बघ, परत झाकेल.

तिने डोळे उघडले नाहीत.

"गप ऱ्हवा गो," ती म्हणाली. "माका आयकाक दिया."

*

आता कोणार्कचं सांगते. हे आम्ही हळदीकुंकवाला वगैरे सांगत नाही.

त्याआधी रत्नावहिनीचं थोडं सांगायला हवं. तिचा नवरा प्रेसमध्ये कामाला होता. एक दिवस सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, संध्याकाळी येतो म्हणून गेला तो आलाच नाही. मुलगा तेव्हा शाळेत होता. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, ज्योतिषी झाले. मग तिने लोकांच्या पोळ्या लाटायला घेतल्या. आता मुलगा पुण्याला असतो, चांगल्या नोकरीत आहे. वहिनी रोज कुंकू लावते, मंगळसूत्र घालते. चाळीत आम्ही कुणीही हा विषय तिच्यासमोर कधी काढला नाही, आणि तिनेही काढला नाही.

कोणार्कचं देऊळ बघून आम्ही समुद्राकडे निघालो होतो. वाटेत सुरूच्या झाडांखाली खाण्याच्या गाड्या लागल्या होत्या. भूक लागली म्हणून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. एका गाडीवर एक वयस्कर, किडकिडीत माणूस वडे तळत होता. आम्ही एकेक प्लेट घेतली. तिकडे बटाट्याचं काहीबाही तळलेलं मिळतंच, म्हणून आम्हाला काही वाटलं नाही. वहिनीने मात्र एक घास घेतला आणि ती चावायची थांबली. तिने वडा उघडून आतली भाजी बघितली. सुकी लाल चटणी बोटावर घेऊन चाखली. लसूण, खोबरं, मिरची.

ती प्लेट घेऊन परत त्या गाडीकडे गेली आणि सरळ मराठीत म्हणाली, "चटणी घाला अजून थोडी."

तो खाली बघूनच म्हणाला, "तिखट आहे हां ती."

आणि त्याचा हात थांबला.

आम्ही तिघी पुढे झालो. तो हिंदीत काहीतरी सांगायला लागला, की पूर्वी एका मराठी माणसाकडे कामाला होतो, म्हणून थोडं थोडं येतं. मावशीने त्याचं ऐकूनच घेतलं नाही. खंयचे तुम्ही, म्हणून तिने विचारलं. मग त्याने टॉवेलला हात पुसले आणि सांगितलं, गिरगावचा. तिथे एका खानावळीत होता. घरी काहीतरी भांडण झालं, रागाने ट्रेनमध्ये बसला. आठ दिवसांत परत जायचं होतं. मग महिना झाला, मग वर्ष झालं. एका गावातून दुसऱ्या गावात करत इथे आला. बायको होती, मुलगी होती. मुलगी शाळेत जायची. हे सगळं तो तुकड्यातुकड्यांनी, कढईत बघत सांगत होता.

"आता कुठल्या तोंडाने कळवायचं," तो म्हणाला. "त्यांच्या लेखी मी मेलेलोच असेन."

"मेला असतात तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "बाई एकदाच रडली असती. कुंकू लावायचं की नाही, हे रोज सकाळी तिने कुणाला विचारायचं?"

त्याने मान वर केली आणि वहिनीच्या कपाळाकडे बघितलं. आम्ही तिघींनी दुसरीकडे नजर वळवली.

वहिनीने तिचा मोबाईल त्याच्यासमोर धरला. त्याने तो लगेच हातात घेतला नाही. मग घेतला. नंबर त्याला आठवावा लागला नाही, बोट आपोआप चालत होतं. कानाला लावला आणि लगेच परत दिला. लागत नाही म्हणाला, बंद झाला असेल.

वहिनीने स्क्रीन बघितली. मुंबईचा कोड टाकला.

"आधी दोन लावायचा," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मुंबईच्या सगळ्या नंबरांना आधी दोन लागला." आणि नंबर जुळवून फोन त्याच्या हातात दिला.

तो फोन घेऊन सुरूच्या झाडांमध्ये गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. कढईतले वडे करपायला आले होते. वहिनीने झारा घेतला, ते काढले, दुसरा घाणा सोडला. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना तिनेच वाढलं.

तो परत आला आणि त्याने दोन्ही हातांनी फोन तिला दिला. एका बाईने उचलला, म्हणाला. दोनदा हॅलो हॅलो म्हणाली. मला बोलवेना, ठेवून दिला. वहिनीने झारा त्याच्या हातात दिला आणि ती गाडीत येऊन बसली. आम्हीही बसलो. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मावशीने वहिनीचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता.

समुद्र दिसायला लागला आणि वहिनीचा फोन वाजला. स्क्रीनवर मुंबईचा लँडलाइन नंबर होता. वहिनीने तो वाजू दिला, थोडाच. मग उचलला. हॅलो म्हणाली आणि नुसती ऐकत राहिली. पलीकडून काय बोलणं चाललंय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं.

मग तिने फोनवर हात धरला आणि पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, गाडी घुमाओ. वापस चलो."